चौदा शेडवाले मिळून एक सीएमएम घेऊ शकतात का?

तिसरी_शिफ्ट (रविवार, रात्री ११.५०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

बेळगावच्या उद्यमबागेत (औद्योगिक वसाहतीत) माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन), बारा माणसं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि ट्रॅक्टरचे थोडे पार्ट जॉबवर्कवर करतो. वडिलांच्या वेळी याच शेडात कॅप्स्टन लेथ होते.

वर्षभरापासून तीन गिऱ्हाइकं मालाबरोबर सीएमएमचा रिपोर्ट मागालेत. (सीएमएम म्हणजे पार्टला टोक टेकवून त्याची मापं अचूक मोजणारं यंत्र.) आतापर्यंत मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर गेज यावर भागत होतं. आता रिपोर्टसाठी पार्ट बाहेर पाठवायचा, तिथं नंबर लागायला दोन-तीन दिवस. तोवर मशीन थांबवायचं की माल काढत राहायचं? गेल्या महिन्यात काढत राहिलो. रिपोर्ट आला तेव्हा १८० नग खोक्यात भरलेले आणि बोअरची (भोकाची) पोझिशन मापाबाहेर. सगळे भंगारात.

आमच्या गल्लीत असेच चौदा जण आहेत. मध्यंतरी एक सल्लागार आले. म्हणाले, सगळे मिळून एक कंपनी काढा, केंद्राच्या क्लस्टर योजनेत (एका भागातल्या छोट्या उद्योगांनी मिळून सुविधा उभारायची योजना) अर्ज टाका, सीएमएम काय, हीट ट्रीटमेंटची भट्टी काय, सगळं येतंय. प्रत्येकी पाच लाख. मीटिंग झाली, भजी झाली, चहा झाला, कुणी तोंड उघडलं नाही. नंतर रस्त्यावर एकेकानं मला बाजूला घेऊन एकच वाक्य सांगितलं : "माझं ड्रॉइंग शेजारच्यानं बघितलं तर?"

खोटं कशाला बोलू, मला पण तेच वाटालंय. शेजारी आणि मी एकाच गिऱ्हाइकाकडं कोटेशन टाकतो.

कुणी असं काही केलंय का? टिकतं का?

कुंद्याचा_डबा (सोमवार, सकाळी ७.१५)

पहिला!

आधी कुंदा कुठल्या दुकानातला चांगला ते ठरवा. चौदा बेळगावकरांचं त्यावर एकमत झालं तर पाच लाख मी भरतो.

भट्टीवाला (सोमवार, सकाळी ९.०५)

फौंड्रीत २६ वर्षं काढली, म्हणून बोलतो.

आपल्याकडं फौंड्रीवाले एकत्र आले ते प्रेमानं नव्हे, वाळूनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : साचा वाळूचा असतो. साध्या साच्याची वाळू, म्हणजे वाळू, बेंटोनाइट (एक चिकणमाती) आणि कोळशाची भुकटी, पाणी मारून मारून पुन्हा वापरता येते. पण कोअरच्या, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी करणाऱ्या आतल्या साच्याच्या, वाळूत रेझिन (चिकटवणारं रसायन) असतंय, ते जळून दाण्याला चिकटतं. काही फेऱ्यांनी वाळू मेली म्हणायची. मेलेली वाळू जुन्या खाणीत नाहीतर रस्त्याकडेला पडायची, आणि नवीन सिलिका वाळूच्या गाड्या लांबून यायच्या. दोन्हीकडून मार. तिसरा मार प्रदूषण मंडळाच्या नोटिशीचा.

ती वाळू भाजून, रेझिन उडवून, दाणे घासून पुन्हा वापरायजोगे करणारा प्लांट असतो. एकट्या फौंड्रीला तो परवडत नाही, आणि परवडला तरी पोटभर वाळू मिळत नाही त्याला. म्हणून उद्यमबागेत फौंड्री क्लस्टर उभं राहिलं, केंद्राच्या औद्योगिक पायाभूत सुविधांच्या योजनेतून. कोल्हापूरकरांनी शिरोलीकडं तसंच केलं.

आता मुद्दा. तिथं सगळे का आले? वाळूवर गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं नसतंय! माझी मेलेली वाळू तुझ्या मेलेल्या वाळूत मिसळली म्हणून माझी ऑर्डर तुझ्याकडं जात नाही. तुमच्या सीएमएमवर मात्र पार्ट आणि ड्रॉइंग दोन्ही ठेवावं लागतं. तुमची भीती वेडी नाही. फक्त वाळूचं उदाहरण घेऊन सीएमएमला जाऊ नका, एवढंच.

तिसरी_शिफ्ट (सोमवार, सकाळी ९.४०)

भट्टीवाले काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सल्लागारांच्या स्लाइडवर वाळू आणि सीएमएम एकाच ओळीत होते.

ताळेबंद (सोमवार, दुपारी १.२०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडक्यात.

ज्या योजनेबद्दल बोललं जातंय ती सूक्ष्म व लघु उद्योगांची क्लस्टर विकास योजना. त्यात सामाईक सुविधा केंद्र काढायला सभासदांची वेगळी कंपनी लागते. किमान २० उद्योग, आणि कुणाचाही हिस्सा १० टक्क्यांच्या वर नको. तुम्ही चौदा. म्हणजे सहा पावणे शोधायला लागणार.

दुसरं. २०२२ च्या नियमांप्रमाणे ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला ७० टक्के, आणि १० ते ३० कोटींच्या प्रकल्पाला ६० टक्के केंद्राचं अनुदान. नीट वाचा : सुरुवातच पाच कोटींपासून आहे. तुम्हाला हवं ते यंत्र काही दहा लाखांच्या घरातलं. म्हणून सल्लागार त्यात भट्टी घालालेत, उद्या रंगकामाचा विभाग घालतील, परवा प्रशिक्षण केंद्र. गरज पाच आण्यांची, प्रकल्प पाच कोटींचा. पुढं ते सगळं चालवायचं कुणी?

तिसरं. अनुदान हप्त्यांनी येतं. यंत्राच्या पुरवठादाराला तुमचा हप्ता कधी येणार याच्याशी काही देणंघेणं नसतं, मधल्या काळात बँकेचं व्याज तुमचं. जागा कंपनीच्या नावावर किंवा लांब मुदतीच्या भाड्यानं हवी. आणि ऑपरेटरचा पगार, एसीचं बिल, दरवर्षीचं कॅलिब्रेशन याला कुणी अनुदान देत नाही.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाळूच्या प्लांटला ती बरोबर बसते. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताजे नियम स्वतः विचारा, सल्लागाराच्या तोंडून नको.

कुंद्याचा_डबा (सोमवार, दुपारी १.३२)

सहा पावण्यांत मी एक. माझ्याकडं मिक्सर आहे, तो सामाईक सुविधेत धरा.

सीमेवरचं_शेड (सोमवार, संध्याकाळी ६.१०)

ताळेबंद यांनी नियम सांगितले, मी नियमाबाहेरची गंमत सांगतो.

माझं शेड निपाणीजवळ. कास्टिंग येतं कागलच्या फौंड्रीतून, मशीनिंग माझ्याकडं, परत कागलला जातं. मधे कोगनोळीचा टोलनाका आणि राज्याची हद्द. राज्यातल्या राज्यात ५० हजारांच्या आतल्या मालाला साधारणपणे ई-वे बिल (माल हलवायच्या आधी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) लागत नाही. पण जॉबवर्कचा माल राज्य ओलांडणार असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल पाहिजेच. म्हणजे सहा हजारांचं खोकं घेऊन माझा पोरगा दुचाकीवर निघाला तरी आधी कॉम्प्युटरपुढं बसायचं. मी संध्याकाळी सात वाजता बिल बनवत बसतो, आणि कागलमधलाच माझा स्पर्धक त्याच फौंड्रीला नुसतं चलन लिहून माल पोचवतो.

आणि हे क्लस्टर क्लस्टर म्हणतात ते जिल्ह्याचं असतंय. नकाशा काढा की! शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, निपाणी, संकेश्वर, होनगा, उद्यमबाग, मच्छे. एका महामार्गावर ओवलेले मणी आहेत हे. पॅटर्न एकीकडं बनतो, ओतकाम दुसरीकडं, मशीनिंग तिसरीकडं. लोखंडाला कन्नड-मराठी कळत नाही. पण सुविधा केंद्राला अनुदान मागायला गेलं की एक राज्य म्हणतं तुमचे अर्धे सभासद तिकडचे, दुसरं म्हणतं अर्धे इकडचे.

विजेच्या दरावरून कोल्हापूरचे कारखानदार मधेमधे "आम्ही कर्नाटकात जातो" म्हणतात, ते पण याच महामार्गावरचं बोलणं. जाणार म्हणजे कुठं, तर अर्ध्या-पाऊण तासावर!

अनगोळचा_आण्णा (सोमवार, संध्याकाळी ६.४५)

सगळ्याचं मूळ १९५६ मध्ये आहे. बेळगाव तेव्हाच

नियंत्रक (सोमवार, संध्याकाळी ६.५१)

आण्णा, पुढचा मजकूर उडवला आहे. सीमाप्रश्नावर आपल्याकडं चार धागे उघडे आहेत, बेळगाव की बेळगावी यावर पाचवा. इथं यंत्राबद्दल बोलू.

अनगोळचा_आण्णा (सोमवार, संध्याकाळी ६.५५)

बरं बरं. पण महाजन अहवालात सीएमएमचा उल्लेख नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

वेणी_आणि_वादी (सोमवार, रात्री ९.३०)

मी अथणीची. माहेरी तीन पिढ्या चपलांचं काम. सीमेवरचं_शेड यांचं वाचून राहवलं नाही.

कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तिकडचं संत रोहिदास महामंडळ आणि इकडचं बाबू जगजीवन राम महामंडळ, दोन्ही मिळून त्या नावाचे धनी. दोन राज्यं कोर्टात भांडत असताना चपलेवर मात्र दोघांनी एकत्र सही केली. तेव्हा होत नाही असं नका म्हणू.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं तसल्याच चपला दाखवल्या आणि नाव कुणाचंच घेतलं नाही, तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवत असेल. डिसेंबरात त्यांनी याच दोन महामंडळांशी करार केला, दोन हजार जोड बनवायचा. मानांकन एकट्या कोल्हापूरचं असतं तर अथणीला कुणी विचारलं असतं का, याचा विचार करा. आमच्याकडं बनलेल्या कितीतरी चपला कोल्हापूरच्या दुकानात कोल्हापूरच्याच म्हणून विकल्या गेल्यात, आणि आम्ही काही म्हणालो नाही, कारण पैसे वेळेवर यायचे.

आता कडू भाग. आई चपलेची कातड्याची वेणी घालायची, आजूबाजूच्या बायका पण. तळ कापायचा पुरुषांनी, वेणी आणि शिवण बायकांची. जोडाचा दर ठरवायला बसायचे मात्र पुरुष आणि व्यापारी. मग बचतगट झाले, बायकांनी कातडं मिळून घ्यायला सुरुवात केली. एकटी घेतली तर व्यापारी पोटाकडचं लिबलिबित कातडं गळ्यात मारायचा, दहाजणी मिळून गेल्या तर पाठीचं द्यायचा. आमचं एकत्र येणं म्हणजे एवढंच होतं : चांगलं कातडं. डिझाइन प्रत्येकीचं आपापलं. कापशी करणारी कापशी करायची, बक्कलनाडीवाली बक्कलनाडी. कुणी कुणाचं चोरलं नाही असं नाही, चोरलं, पण त्यावरून गट मोडला नाही.

तिसरी_शिफ्ट (सोमवार, रात्री ११.२०)

ताई, "चोरलं, पण त्यावरून गट मोडला नाही". हे शेजाऱ्याला वाचून दाखवतो.

खासबागचा_माग (मंगळवार, सकाळी ८.००)

सगळे गोड बोलालेत, म्हणून थोडं मीठ टाकतो.

आमच्या भागात मागवाल्यांनी सूत मिळून घ्यायचं ठरवलं होतं. सूत घाऊक घेतलं तर स्वस्त, उधारीची मुदत लांब, व्यापाऱ्याची दादागिरी कमी. पहिले सहा महिने झकास. मग काय झालं? अध्यक्षाच्या भावकीला आधी सूत, बारीक काउंटचं सगळं त्यांना. बाकीच्यांना जे उरेल ते. ज्यांनी रोख भरले ते वाट बघत बसले, ज्यांनी उधार नेलं त्यांनी साड्या विकल्यावर पैसे दिले नाहीत, कारण साड्या विकल्याच गेल्या नाहीत. सूत गोदामात, व्याज डोक्यावर. वार्षिक सभेला खुर्च्या फेकल्या गेल्या. माझे चाळीस हजार अजून त्यात आहेत. वडील वारले, त्यांच्या वहीत ती नोंद आहे.

सहकार, क्लस्टर, सामूहिक हे सगळं ऐकायला बरं. व्यापारी निदान शिव्या खाऊन सूत देतो.

ताळेबंद (मंगळवार, सकाळी १०.१०)

खासबागचा_माग, वाईट वाटलं. पण एक विचारतो, सूत कुणाला किती दिलं याची नोंद कोण ठेवत होतं?

खासबागचा_माग (मंगळवार, सकाळी १०.२५)

अध्यक्षाचा जावई.

ताळेबंद (मंगळवार, सकाळी १०.२६)

झालं की मग.

हत्तरगी_बस_स्टॉप (मंगळवार, दुपारी ४.०५)

इथं कुणी एक्वस कंपनीचं नाव कसं काढलं नाही? हत्तरगीला २००९ पासून विमानाच्या पार्टांचं सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे. तिथं एकाच आवारात फोर्जिंग, मशीनिंग, पृष्ठभागावरची प्रक्रिया आणि जोडणी. फोर्जिंगला फ्रान्सच्या ओबेर अँड डुव्हालबरोबर भागीदारी, १०,००० टनी प्रेस. प्रक्रियेला कॅनडाच्या मॅजेलनबरोबर. पूर्वी असला एक पार्ट एका देशात ठोकायचा, दुसऱ्या देशात कापायचा, तिसरीकडं ॲनोडाइझ. विमानात बसायच्या आधीच त्याचा अर्धा विमानप्रवास झालेला असायचा. आता तो एका कुंपणात फिरतो.

मला म्हणायचंय, खरं क्लस्टर हे. स्पर्धकांनी एकत्र येणं नव्हे, तर एकाचं काम संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू होणं. चौदा लेथवाले एकत्र येऊन काय उपयोग? एक लेथवाला, एक भट्टीवाला, एक ग्राइंडिंगवाला, एक प्लेटिंगवाला असे चौघे एकत्र आले तर गिऱ्हाइकाला तयार पार्ट देता येतो, आणि कुणी कुणाचा स्पर्धक नाही.

भट्टीवाला (मंगळवार, दुपारी ४.५०)

एकदम बरोबर, आणि तेवढंच अवघडही. तिथं कुंपण एकाचं आहे, गिऱ्हाईक आणणारा एक आहे, भांडण झालं तर मिटवणारा एक आहे. आमच्या चौघांत पार्ट रिजेक्ट झाला तर? भट्टीवाला म्हणणार मशीनिंगला वाकला, मशीनिंगवाला म्हणणार भट्टीत वाकला. आणि ते सिद्ध करायला काय लागतं? सीएमएम! आलो फिरून तिथंच.

(बाकी "लेथवाले काय उपयोग" हे जरा सांभाळून. रात्री अकराला इन्सर्ट (मशीनचं कापायचं पातं) संपला की मी शेजारच्या लेथवाल्याच्याच दारात उभा असतो.)

पुण्यात_हरवलेला (मंगळवार, रात्री ८.१५)

थोडं विषयांतर. आजोबा सांगायचे, बेळगावनं एक आख्खं क्लस्टर हातानं घालवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढं लोखंडी नांगर पण इथंच केले. मग ठळकवाडीला नवीन वस्ती करायची म्हणून जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी दहा हजारांचं कर्ज आणि ३२ एकर माळ दिला, १९१० मध्ये ते कुंडल रोडला गेले, त्याची किर्लोस्करवाडी झाली.

आज मी ज्या कंपनीत आहे तिथं बेळगावच्या पोरांचा एक वेगळा टेबल आहे कॅन्टीनमध्ये. सगळे तिथून आलेले. हिशेब मांडवत नाही.

कुंद्याचा_डबा (मंगळवार, रात्री ८.२०)

वस्ती झाली म्हणून आमचं घर झालं, पुणेकर. रागावू नका.

अनगोळचा_आण्णा (मंगळवार, रात्री ८.४०)

यावर मी बोललो तर नियंत्रक उडवतील.

पाचवं_सेमिस्टर (मंगळवार, रात्री ११.०५)

मेकॅनिकलला आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही. आमच्या मेट्रॉलॉजी (मापनाच्या) लॅबमध्ये सीएमएम आहे. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. मी तीन वर्षांत चालू बघितलेला नाही. तपासणीला बाहेरून कुणी येणार असलं की झाकण काढतात, पुसतात, परत घालतात. आम्हाला प्रोब कसा धरतात ते व्हिडिओत दाखवलं.

इतकी कॉलेजं, विद्यापीठ पण इथंच, आणि तिसरी_शिफ्ट दादा बाहेरगावच्या रिपोर्टची वाट बघालेत.

तिसरी_शिफ्ट (मंगळवार, रात्री ११.३०)

मी एका कॉलेजात विचारलं होतं, बाळा. अर्ज द्या, विभागप्रमुखांची शिफारस, मग प्राचार्य, मग संस्थेची मीटिंग. पार्ट तोवर गंजला असता.

चलन_बुक (बुधवार, सकाळी १०.३५)

मी एका शेडात ऑफिसचं काम बघते, अकरा वर्षं. चलन, बिल, फोन सगळं. मालक लोक काय बोलतात ते ऐकत असते, आज मी बोलते.

तिसरी_शिफ्ट, तुमच्या गल्लीतून चाकणला जाणारा टेम्पो आहे ना? मंगळवार-शुक्रवारचा. त्यात कुणाचा माल जातो?

तिसरी_शिफ्ट (बुधवार, सकाळी १०.५०)

आमच्या पाच-सहा जणांचा. नऊ वर्षं झाली असतील. ताई, तुम्ही आमच्या गल्लीतल्याच दिसता!

चलन_बुक (बुधवार, सकाळी ११.१५)

असू दे कुठली का असेना.

त्या टेम्पोत सहा जणांची खोकी एकावर एक असतात. खोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, नगांची संख्या लिहिलेली. आत चलन. कोण कुणाला किती माल देतो हे ड्रायव्हरला तोंडपाठ आहे. नऊ वर्षांत कुणाची ऑर्डर कुणी पळवली?

का नाही पळवली? कारण ड्रायव्हर कुणाचाच नोकर नाही. प्रत्येक खेपेला वजनावर पैसे घेतो आणि गावात कुणाचं कुणाला सांगत नाही, सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सहाही जण जातील हे त्याला माहीत आहे. खासबागच्या दादांच्या संघात नोंद अध्यक्षाच्या जावयाकडं होती. तुमचा सीएमएम कुणाच्या शेडात ठेवणार, कोण चालवणार, वही कोण लिहिणार, हे आधी सांगा. पाच लाख नंतर.

आणखी एक. मीटिंगला चौदा मालक होते. रिपोर्टसाठी फोन करून करून ज्यांचा कान दुखतो त्या आम्ही बायका आणि क्वालिटीची पोरं कुणीच नव्हतो.

वेणी_आणि_वादी (बुधवार, सकाळी ११.३०)

ताई, शेवटच्या ओळीला नमस्कार.

भट्टीवाला (बुधवार, दुपारी १२.१०)

मी माझं पहिलं मत अर्धं मागं घेतो. वाळूवर नाव नसतं हे खरं, पण खोक्यावर असतं आणि तरी टेम्पो चालतोय.

मग व्यवहाराचं बोलू. एक, यंत्र कुणाच्या शेडात नको, वेगळी खोली. प्रेस किंवा हॅमरपासून लांब, हादरा चालत नाही त्याला, आणि तापमान २० अंशांवर धरावं लागतं. दोन, ऑपरेटर पगारी, कुणाच्या नात्यातला नको. तीन, प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग ज्याचं त्याच्या पेनड्राइव्हवर, काम झालं की यंत्रातून पुसायचं. चार, एका वेळी एकाच शेडचा माणूस आत. पाच, रिपोर्टवर पार्टचं नाव नको, तुमचा सांकेतिक नंबर. यानं सगळं थांबेल असं नाही. पण ड्रॉइंग चोरायचंच असेल तर भंगारवाल्याकडं जाऊन रिजेक्ट पार्ट घेता येतो की, शंभर रुपयांत!

तिसरी_शिफ्ट (बुधवार, दुपारी १२.२०)

काका, ते १८० नग मी भंगारात घातलेत हो…

भट्टीवाला (बुधवार, दुपारी १२.२२)

मग शेजाऱ्याकडं आतापर्यंत पोचलं असणार.

तिरुप्पूरकर_जावई (बुधवार, रात्री ९.५०)

सासर तिकडं म्हणून सांगतो. तिरुप्पूरच्या रंगणी कारखान्यांनी वर्षानुवर्षं सांडपाणी नोय्यल नदीत सोडलं. २०११ च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टानं सगळे बंद करायला लावले. तेव्हा कुठं सामाईक प्रक्रिया केंद्रं, एक थेंब बाहेर सोडायचा नाही अशी, नीट चालायला लागली. सख्खे वैरी एका पाइपलाइनवर आले. आपल्याकडं पण कुणीतरी टाळं ठोकल्याशिवाय चौदा जण हलतील असं वाटत नाही.

खासबागचा_माग (बुधवार, रात्री १०.१५)

जावईबापू, टाळं ठोकल्यावर आधी मरतो तो छोटा. मोठा तोवर दुसरीकडं शेड घेतो. तेवढं पण लिहा.

ताळेबंद (गुरुवार, दुपारी १.१५)

तिसरी_शिफ्ट, हिशेब करून बघितलात का? महिन्याला चौदा जणांचे मिळून किती रिपोर्ट लागतात, बाहेर त्याला किती जातात, टेम्पोभाडं किती, आणि थांबलेल्या मशीनचा तास किती. हा आकडा एका कागदावर आला की सहाजण आपोआप गळतील आणि उरलेले पैसे काढतील. सरकारी योजनेचं नाव त्या कागदावर लिहू नका.

(दीड महिन्यांनंतर)

तिसरी_शिफ्ट (शनिवार, रात्री ११.४५)

धागा वर काढतोय, उत्तर द्यायचं राहिलं होतं.

ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे कागद केला. खरं तर मी नाही, चार शेडातल्या ऑफिसमधल्या ताई आणि क्वालिटीच्या पोरांनी केला, चलनबुकं काढून. (चलन_बुक ताई, तुम्ही कोण ते मला कळलंय, पण सांगत नाही.) आकडा इथं लिहीत नाही, पण बघून दोन मिनिटं कुणी बोललं नाही. चौदातले पाच गळाले. एकाचा मुलगा बेंगळुरूला आहे, तो शेड विकायच्या विचारात. दोघांना रिपोर्ट लागतच नाही. उरलेल्या दोघांनी "आधी तुम्ही करा, मग बघू" म्हटलं.

नऊ जणांनी मिळून जुना सीएमएम घेतला. अनुदान नाही, योजना नाही. सल्लागारांचा फोन आता येत नाही. खोली टेम्पोवाल्याच्या गोदामाशेजारची, त्याच्याच मालकीची, भाड्यानं. त्यानं स्वतःहून विचारलं, मला पण धरता का? धरला नाही, पण आम्ही भाडं वेळेवर देतोय. ऑपरेटर डिप्लोमा झालेली मुलगी, खानापूर तालुक्यातली, आमच्यापैकी कुणाच्याच नात्यातली नाही, हे दोनदा तपासलं. वही तीच लिहिते.

पहिलं भांडण आठव्या दिवशी झालं, एसीच्या बिलावरून. खोली चोवीस तास थंड ठेवायची, आणि बिल वापराच्या तासांवर वाटायचं की नऊ समान भाग? अजून मिटलेलं नाही. दुसरं भांडण सोमवारी सकाळच्या वेळेसाठी, सगळ्यांना सोमवारीच पाहिजे.

शेजारी आणि मी अजून एकमेकांचे पार्ट बघत नाही. तो आत असला की मी बाहेर टपरीवर थांबतो, मी आत असलो की तो. त्या टपरीवाल्याचा धंदा मात्र वाढलाय.

कुंद्याचा_डबा (रविवार, सकाळी ७.०५)

उद्घाटनाला कुंदा कुठला होता?

तिसरी_शिफ्ट (रविवार, सकाळी ७.३०)

गोकाकचा करदंट. कुंद्यावर मतदान झालं, चार-चार, एक तटस्थ.

मच्छे_गेट_दोन (रविवार, सकाळी ९.१५)

नवीन सभासद. धागा पूर्ण वाचला. मी मच्छेला, तुमच्यासारखाच, तीन मशीन. तुमच्या सीएमएमवर बाहेरच्याचा पार्ट घेता का? जो दर असेल तो देतो. सोमवार सोडून कधीही चालेल.

तिसरी_शिफ्ट (रविवार, सकाळी ९.५०)

मीटिंगमध्ये विचारायला लागेल. काहीजण नको म्हणणार, त्यांचं म्हणणं आपण आपल्यासाठी घेतलंय, बाहेरच्याला कशाला. पण एसीचं बिल पुढं ठेवलं की ऐकतील असं वाटतंय.

तुम्ही करता काय? व्हॉल्व्ह बॉडी तर नाही ना?

मच्छे_गेट_दोन (रविवार, सकाळी ९.५२)

व्हॉल्व्ह बॉडीच.

तिसरी_शिफ्ट (रविवार, सकाळी १०.२०)

बरं. ड्रॉइंग झाकून आणा. मी टपरीवर असतो.